पिन जागेवरच उभी होती

आम्ही नवरा-बायको बॉलिंगच्या स्पर्धेसाठी पुण्याला चाललोय असं नागपुरात कुणालाही सांगितलं, की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "स्पिन की फास्ट?" मग मी समजावायचो, की बाप्पा, क्रिकेट नव्हे, हे मॉलमधलं. साठ फुटांची गुळगुळीत लाकडी पट्टी, तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना, बोटं घालायला तीन भोकं असलेला जड बॉल आणि कुणीतरी आधी घातलेले बूट. दोन बॉलमध्ये दहाही पिना पाडायच्या.

"एवढंच?"

एवढंच. आणि एवढ्यासाठी साठीला टेकलेली दोन माणसं आपापला बॉल उरापोटी घेऊन पुण्याला निघाली होती.

परत आल्यावर त्याच लोकांनी विचारलं, "काय झालं मग?" तेव्हा मी बाकरवडीचा पुडा पुढे करायचो. माणूस बाकरवडी खाताना प्रश्न विचारत नाही. आता पुडे संपले, म्हणून लिहायला बसलो आहे.

शनिवार पेठ, लिफ्ट नाही

सुनंदाचं माहेर पुण्यातलं, कसब्यातलं. तिचं बालपण गेलं ती जागा आता राहिली नाही. पण थोरली बहीण मालूताई शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी, आणि अजून सगळं जग तिच्या वर्गात बसलंय अशा आवाजात बोलणारी.

स्टेशनवर रिक्षावाल्यानं माझी बॅग उचलायला हात घातला आणि तसाच काढून घेतला.

"काय आहे हो यात?"

"बॉल."

"कसला?"

"खेळायचा."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे. "मग तुम्हीच खेळवा," म्हणाला आणि रिक्षात जाऊन बसला.

दोन्ही बॉल दुसऱ्या मजल्यापर्यंत मीच खेळवले. सुनंदाच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, त्यामुळे वजन उचलायचं माझ्याकडे. मालूताई दारात उभी राहून माझं धापा टाकणं ऐकत होती. "या वसंतराव," ती म्हणाली, "दगड पुण्यातही मिळतात. सांगितलं असतंत तर काढून ठेवले असते."

जेवायला डाळिंबी उसळ होती. अशी उसळ, की मी बॉलिंग विसरलो. आता आमच्याकडे नागपूरला पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरून "बस, बस" म्हणायचं असतं आणि यजमानानं तो हात बाजूला सारून वाढायचं असतं. हात जितका जोरात धराल तितकी भाजी जास्त मिळते. मी अगदी दोन्ही हात आडवे धरले. मालूताईनं उसळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर पकड ठेवली आणि म्हणाली, "पोट भरलं असेल तर हात धुवायला मोरी तिकडे." रात्रभर मला ती उसळ आठवत राहिली.

जेवताना सुनंदानं बहिणीला सांगितलं, की ही तिची शेवटची स्पर्धा. अंगठ्याचं ऑपरेशन ठरलंय, आणि त्यानंतर बॉल उचलायचा नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलंय.

"मग आता तरी कशाला उचलतेस?"

"तुला दाखवायला," सुनंदा म्हणाली.

ती हसत म्हणाली, पण मला मागचं माहीत होतं. लहानपणी कसब्यातल्या बोळात ही मुलगी लगोरीत कुणाला ऐकायची नाही. ठिकऱ्यांची उतरंड कितीही लांबून एका नेमात खाली. मग एके दिवशी मालूताईनं तिला दंडाला धरून घरात आणलं होतं, "मोठी झालीस, पुरे आता" म्हणून. आई नव्हती, त्यामुळे असल्या गोष्टी सांगायचं काम थोरलीकडे. मालूताईला ते आठवतही नसेल. सुनंदाला मात्र पुण्यात, बहिणीच्या डोळ्यांदेखत, नेमाचं बक्षीस घ्यायचं होतं. एकदाच. पहिल्या तीन जोड्यांना पदक होतं. तिसरं मिळालं तरी चालणार होतं.

"येशील ना ग बघायला?"

"बक्षीस घेताना बोलाव," मालूताई म्हणाली. "हरणारी माणसं बघायला माझ्याकडे टीव्ही आहे."

मॉलमधली पहिली सकाळ

स्पर्धा मिश्र जोड्यांची, खुली. खुली म्हणजे वयाची अट नाही. तिथे गेल्यावर कळलं, की ही अट नसणं आमच्या सोयीसाठी नव्हतं. इतर जोड्यांना बघून मी सुनंदाला म्हटलं, "आपण पालकसभेला आलोय असं वाटतंय."

आमच्या शेजारच्या पट्टीवर रोहन आणि सई नावाचे चुलत भाऊ-बहीण होते, पुण्याचेच, दोघंही कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर. रोहन दोन्ही हातांनी बॉल टाकायचा. अंगठा भोकात घालायचाच नाही. बॉल पट्टीच्या पार उजव्या काठाला जायचा, आता शेजारच्या नाल्यात पडून फुकट जाणार असं वाटायचं, आणि मग वेताळानं मान धरल्यासारखा गर्रकन आत वळून पिनांचा चुराडा करायचा. आवाज असा, की मी दर वेळी दचकत होतो.

बिनताकदीच्या माणसानं असल्या लोकांत टिकायचं कसं, याचं उत्तर सुनंदानं केव्हाच शोधलेलं. पट्टीला मध्यावर तेल असतं, काठाला कमी. ज्याच्या बॉलला फिरकी कमी त्यानं तेलात जाऊच नये, काठाकाठानं जावं. बॉल जोरात फेकू नये, कारण कमी फिरणाऱ्या बॉलला वळायला वेळ लागतो, तो वेळ त्याला द्यावा. आणि पहिल्या बॉलला उरलेली पिन दुसऱ्या बॉलला पाडावीच पाडावी. "दोन बॉल दिलेत ना?" ती म्हणायची. "मग घाई कुणाला आहे?" त्यातही उजव्या कोपऱ्यात मागे एक पिन असते, दहा नंबरची. भल्याभल्यांना रडवते. पट्टीचा काठ तिच्या अगदी अंगाला लागून. जरा चुकलं की बॉल नाल्यात. सुनंदा डावीकडे जाऊन उभी राहायची, तळवा आकाशाकडे ठेवून बॉल तिरका आणि सरळ सोडायची. कोपऱ्यातली पिन तिची चुकलेली मला आठवत नाही.

माझी पद्धत वेगळी. मी पळत जायचो, जीव खाऊन फेकायचो आणि निकाल लागल्यावर पट्टीच्या तेलाला दोष द्यायचो. आणि गेली कित्येक वर्षं तिला शिकवायचो, "सुनंदा, तुझ्या बॉलला जोर नाही. फिरवत जा जरा."

पात्रता फेरी संपली तेव्हा फळ्यावर आमची जोडी चौथी होती. पहिल्या चार जोड्या परवा उपांत्य फेरी खेळणार. या चौथ्या क्रमांकात माझा वाटा किती, ते मी सांगत नाही. रोहन येऊन सुनंदाच्या पाया पडायच्या बेतात होता. "काकू, एकही स्पेअर मिस नाही? अनरिअल आहात तुम्ही." स्पेअर म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडणं. मग माझ्याकडे वळून सौजन्यानं म्हणाला, "काका, तुमचा रेव्ह रेट किती आहे?"

मला माहीत नव्हता. रोहननं समजावलं. बॉल हातातून सुटताना मिनिटाला किती फेरे या वेगानं फिरतो, तो रेव्ह रेट. बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, मागून मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करायचं, आणि तो पांढरा तुकडा एकदा वर आल्यापासून पुन्हा वर येईपर्यंत किती चित्रं सरकतात ते मोजून गणित करायचं.

मी त्या पोराला जवळजवळ मिठी मारली. माझं आयुष्य वीज खात्यात मीटर तपासण्यात गेलं. जुन्या मीटरच्या काचेआड एक चकती फिरायची, चकतीवर काळी खूण असायची. हातात घड्याळ घेऊन ती खूण किती वेळा समोरून जाते ते मोजायचं आणि मीटर पळतंय की झोपलंय ते सांगायचं. लोकांच्या ओट्यावर उभा राहून, त्यांच्या शिव्या आणि चहा पीत मी तेच केलं. आणि सांगायला हरकत नाही, रीडिंग कधी फिरवलं नाही. नगरसेवकाच्या घरी नाही, स्वतःच्या साहेबाच्या घरी नाही.

"सेम कॉन्सेप्ट, काका!" रोहन खूश झाला. "मग तुम्हीच मोजा."

रिकाम्या पट्टीवर त्यानं आमच्या दोघांच्या बॉलना पांढरे तुकडे लावले. स्वतःचा टाकून दाखवला, साडेचारशेच्या घरात. मग मी टाकला, मग सुनंदानं. ती पाणी प्यायला गेली आणि मी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलो. एकेक चित्र सरकवत मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं.

सुनंदाचा एकशे नव्वद. माझा एकशे साठ.

हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. मलाही दुसऱ्याच्या बाबतीत आलं असतं. ती परत आली, रुमालानं तोंड पुसत तिनं विचारलं, "किती हो?" आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी बाहेर पडलं नव्हतं तसलं एक वाक्य बाहेर पडलं.

"मी एकशे नव्वद. तू एकशे साठ."

"अस्सं?" ती म्हणाली. "मग तुमचा बॉल वळत का नाही?"

"तेल," मी म्हटलं.

मंडई आणि कसबा

दुसऱ्या दिवशी एकेरीचे सामने होते, आम्हाला सुट्टी. सकाळी मालूताईनं आम्हाला मंडईत पिटाळलं. पुण्याची मंडई मला आवडते. आमच्याकडे कॉटन मार्केटात भाजीवाला तुम्हाला बोलावतो, इथे तुम्ही त्याच्यापाशी जायचं आणि त्यानं तुमच्याकडे लक्ष द्यायची वाट पाहायची. अंजीर आलेले होते, जांभळे, पिकून फुटायच्या बेतातले. मी एक दाबून पाहिला. "दाबायचं असेल तर घरी नेऊन दाबा," फळवाला वर न बघता म्हणाला. मी मुकाट्यानं घेतले.

मागे वळलो तर सुनंदा कोबीच्या ढिगापाशी. हातात एक गड्डा, तळहातावर तोललेला, आणि मनगट आतून बाहेर, आतून बाहेर. एकशे साठचे एकशे नव्वद करण्याचा उद्योग चालला होता. कोबीवाली मावशी, नऊवारीतली, आजूबाजूच्या एखाद्या गावची, बराच वेळ बघत होती.

"अवं बाई, गड्डा हाय त्यो. भवरा न्हाय."

"बघत होते मावशी, घट्ट आहे का."

"फिरवून कळतंय व्हय? द्या हिकडं. येडं करत्यात माझ्या कोबीला."

सुनंदा खळखळून हसली. मीही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मंडईत, कोबीसमोर, हसता हसता सांगून टाकलं असतं तर ती अजून हसली असती, मावशीलाही सांगितलं असतं, आणि माझी फजिती मिसळीबरोबर संपली असती. पण मी म्हटलं, "मनगट अजून थोडं उशिरा वळव." खोटं बोलून झालं की त्याची निगा राखावी लागते, हे मला इतक्या वयात पहिल्यांदाच कळत होतं.

मिसळ खाल्ली. सावजीवर वाढलेल्या माझ्या जिभेला ती पुरणपोळीची धाकटी बहीण वाटली. मी तसं म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर खाली करून म्हणाले, "तिखट खायला धाडस लागतं, चव कळायला जीभ लागते." आणि पेपर पुन्हा वर. मी दुसरी मिसळ मागवली, अपमानाची भूक लागली म्हणून.

मग कसब्यात चालत गेलो. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज ऐकत ती मला एका बोळाच्या तोंडाशी घेऊन गेली. समोर आता उंच इमारत, खाली मोबाइलचं दुकान. "इथे उतरंड लावायचो," तिनं जमीन दाखवली. "आणि मी तिथून, त्या नळापासून मारायची." नळ नव्हता. ती नळाच्या जागी जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं, तरी तिनं हात मागे नेला आणि पुढे आणला. एका स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. मी पाहिलं, की हात पुढे येताना तिचं मनगट आत वळलं. त्या मुलीचं कधी वळलं नसणार.

संध्याकाळी अंगठा सुजला. मालूताईनं कढत मिठाच्या पुरचुंडीनं शेकला. "खेळायच्या आधीच कसा सुजला ग?" तिनं विचारलं.

"कोबी उचलला," सुनंदा म्हणाली.

तिसरं स्थान

उपांत्य सामना आम्ही हरलो. त्याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. दुसरा उपांत्य सामना रोहन आणि सई हरले. म्हणजे तिसऱ्या जागेसाठी आमची गाठ त्यांच्याशी, एकच डाव, दोघांची बेरीज.

त्या दिवशी सकाळपासून सुनंदा बॉल फिरवत होती. कधी तो छान वळायचा आणि ती माझ्याकडे वळून लहान मुलीसारखी बघायची. बहुतेक वेळा जास्त वळायचा आणि पिनांना नाकावर धडकून दोन टोकांना दोन पिना ठेवून जायचा. डाव मध्यावर आला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो. ती माझ्याशेजारी येऊन बसली. अंगठ्यावर फुंकर घालत म्हणाली, "अहो, माझं जुनंच टाकू का? हे मला झेपत नाहीये."

देवानं अशी दुसरी संधी फार थोड्या गाढवांना दिली असेल. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "येतंय, येतंय. सोडू नकोस."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठली, आणि नवऱ्याचं ऐकायचं नाही असं ठरवलेल्या बाईच्या चालीनं पट्टीच्या काठाला गेली. तळवा आकाशाकडे. बॉल काठाकाठानं, संथ, चहाला निघाल्यासारखा गेला आणि सगळ्या पिना एकमेकींवर कलंडल्या.

तिथून पुढे तिनं डाव खेचून आणला. पिन उरली की पाडली, उरली की पाडली. समोर रोहनचे बॉल गडगडत होते, पण त्याच्या धडाक्यात मागे राहिलेली एखादी पिन त्यालाच पडेना. सई नखं खात होती. माझ्याही हातून, चुकून म्हणा, दोन चांगले बॉल गेले. आणि तेवढ्यात माझं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. चॉकलेटी काठाची ठेवणीतली साडी, हातात पिशवी, पाय जमिनीला चिकटवून ताठ बसलेली मालूताई. बक्षिसाची वेळ अजून व्हायची होती. ती आधीच आली होती.

सुनंदानंही पाहिलं. पदर खोचला.

शेवटची पाळी तिची. समोरच्यांचं खेळून झालेलं. पहिल्या बॉलला नऊ पडल्या. उरली ती कोपऱ्यातली, दहावी. ती पाडली की तिसरं स्थान आमचं, एवढा साधा हिशेब. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. खरंच सांगतो, मी निर्धास्त झालो. मालूताईला अंगठा दाखवायचा मोहही झाला.

ती डावीकडे गेली. उभी राहिली. हात मागे गेला, पुढे आला. आणि सुटताना, अगदी शेवटच्या क्षणी, तिचं मनगट आत वळलं. तिनं वळवलं नाही. ते वळलं. काल दिवसभर कोबी, हवा, बोळ, सगळ्यात तिनं त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं.

बॉल कोपऱ्याकडे निघाला, सरळच निघाला. तेल संपलं तिथे त्यानं विचार बदलला आणि डावीकडे झुकला. पिन आणि बॉल यांच्यामधून पोस्टकार्ड गेलं असतं. पिन हललीसुद्धा नाही.

रोहन-सईनं उड्या मारल्या नाहीत. चांगली पोरं. रोहन आधी सुनंदाकडे आला आणि म्हणाला, "काकू, सॉरी." ती म्हणाली, "अरे, सॉरी कसलं? छान खेळलात." तिनं सईचा गाल थोपटला, डाव्या हातानं.

पुन्हा शनिवार पेठ

रात्री गुळाच्या पोळ्या होत्या. मालूताई माझ्या ताटात न विचारता वाढत होती, आणि मला हात आडवा धरायचं सुचत नव्हतं. नागपूरच्या पद्धतीनं पहिल्यांदा वाढलं जात होतं आणि घास फिरत होता.

"माझा बॉल फिरतच नाही ग ताई," सुनंदा म्हणाली. तूप सोडत, सहज. "यांनी मोजलाय. एकशे साठच भरतो. मुलांचे साडेचारशे असतात. म्हणून म्हटलं, जरा फिरवून बघावा."

मालूताईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"फिरवायचा कशाला पण? ती पिन जागेवरच उभी होती ना? कुठे पळून चालली होती का?"

मालूताईनं पुढची पोळी तव्यावर टाकली आणि पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाली, "नळापासून उतरंड पाडायचीस तेव्हा कुणी मोजत नव्हतं."

सुनंदाच्या हातातला तुकडा ताटाच्या वर थांबला. बहिणीला आठवत होतं.

सकाळी निघालो. सुनंदा मालूताईच्या पाया पडून पुढे आली, मी मागे दोन्ही बॉल घेऊन. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो. वजनानं नव्हे, पण तिला तसंच वाटलं.

"द्या एक इकडे."

"सुनंदा, आकडे उलटे होते."

"कसले आकडे?"

"एकशे नव्वद तुझा होता. एकशे साठ माझा."

खाली रिक्षा थांबली होती, तिचं इंजिन फडफडत होतं. सुनंदानं भिंतीला हात टेकला. ती रागावेल, रडेल, निदान शेजारच्या दारातून कुणी डोकावेल असं काहीतरी बोलेल, याची मी तयारी करत होतो. ती फक्त माझ्या हातातल्या बॅगेकडे बघत होती, तिच्या बॉलच्या.

"म्हणजे माझा आहे तसाच बरा होता," ती म्हणाली.

"हो."

"हं."

मग ती जिना उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरून, वळून न पाहता म्हणाली, "चला. रिक्षावाला वेटिंग लावेल."

नागपूर

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. पुण्यात बॉल फिरवल्यानं फरक पडला नाही, सांधा तसाही गेलेलाच होता, असं डॉक्टर म्हणतात. ते भले गृहस्थ आहेत. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं म्हणूनही म्हणत असतील.

तिचा बॉल कपाटाखाली आहे. पांढरा तुकडा अजून तसाच. काढावासा वाटतो, पण हात लावायला मी कोण, असंही वाटतं.

मला वाटलं होतं, ती आता मॉलकडे फिरकणार नाही. पण प्लास्टर घातलेला हात झोळीत घेऊन ती माझ्याबरोबर येते, मागच्या खुर्चीत बसते आणि डाव्या हातानं मोबाइल धरून माझं चित्रण करते. मी बॉल टाकून परत येतो आणि विचारतो, "किती?"

पहिल्या दिवशी ती गंभीरपणे म्हणाली, "चारशे."

मी भाजी आणायला विसरलो त्या दिवशी ऐंशी होता. तिच्या वाढदिवसाला मी स्वतः शिरा केला, तो करपला, तरी अडीचशे मिळाले. मोबाइल ती माझ्या हातात देत नाही आणि मी मागत नाही. रीडिंग तपासून घ्यायचा हक्क मी शनिवार पेठेतल्या जिन्यात ठेवून आलो आहे.

परवा माझ्या पहिल्या बॉलला नऊ पडल्या. उरली ती कोपऱ्यातली. एरवी मी तिच्यावर धावून जातो आणि नाल्यात जातो. परवा डावीकडे जाऊन उभा राहिलो. तळवा आकाशाकडे केला. पळालो नाही. बॉल हातातून नुसता सोडला, तिरका, सरळ, आणि तो इतका सावकाश निघाला, की मला मागे वळून बघायला वेळ मिळाला.

सुनंदानं मोबाइल मांडीवर ठेवला होता. प्लास्टरमधला हात झोळीतून बाहेर आला होता आणि हवेत पुढे तसाच राहिला होता, बॉल सोडून झाल्यावर राहतो तसा, तळवा वर, मनगट सरळ.

पिन पडल्याचा आवाज मी पाठीमागून ऐकला. किती फिरला, ते विचारलं नाही.